माह्या हातचं करवतकाठी

माहेर माहं लोधीखेड्याचं, गुरुजी, माही गोठ लिहाले आले तं हे पहिले लिहून घ्या, काहून का आता सारे मले सौंसरची दुकानवाली म्हणून ओळखतेत, अन् दुकानवाली मी मागून झाली, पहिले मी मागावरची हाय. बाप माहा कोष्टी. घरात खड्ड्याचा माग, म्हणजे जमिनीत खड्डा खणलेला, त्याच्यात पाय सोडून बसाचं, पायानं पावड्या दाबाच्या अन् वर हातानं आडव्या सुताचा धोटा फेकाचा, इकडून तिकडं, तिकडून इकडं. बापाले पोरगा नव्हता. आम्ही दोघी बहिणी, मोठी लगन होऊन रामाकोन्याले गेली अन् मी राह्यली.

आता करवतकाठी लुगडं तुम्ही पाह्यलं असन, तुमच्या मायच्या अंगावर पाह्यलं असन. काठ लाल, अंग दुसऱ्या रंगाचं, अन् जिथं काठ अन् अंग भेटते तिथं सरळ रेघ नसते, करवतीसारखे दात असते. ते दात रंगवलेले नसते बरं का, ते विणलेले असते, काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवत अडकवत जा लागते. त्याले तीन धोटे लागते, दोन काठाचे दोन अन् मधला एक, अन् एका माणसाचं काम नाई ते, जोडीले दुसरं कोणी बसा लागते. दुसऱ्याईच्या घरी जोडीले भाऊ बसे नाईतर पोरगा बसे, आमच्या घरी मी बसली. बाप मधला धोटा अन् डावा काठ पाहे, उजवा काठ माहा. लोकं म्हणत, पोरीच्या जातीनं कांड्या भराव्या, सूत उकलावं, तिले मागावर काय बसवता, अन् बाप म्हणे काहून, तिचे हात काय भाड्यानं आणले? माह्यानं दात चुकला तं बाप रागवत नसे, धोटा खाली ठेवून बिडी पेटवे. मी मुकाट्यानं उसवून पुन्हा विणो, मंग तो बिडी विझवून कानामागं ठेवे अन् धोटा उचले. असं शिकली मी. काय सांगू तुम्हाले, त्या मागावर बसली का मले भूक लागत नव्हती, माय जेवाले हाका मारून मारून थके.

मंग लगन झालं अन् सौंसरले आली. सासर बी कोष्ट्याचंच, पण त्याईनं माग सोडून दिला होता, बाजारात सुताचं अन् लुगड्याचं दुकान टाकलं होतं. पहिल्याच दिवशी मी सासूले विचारलं, माग कोणत्या खोलीत हाय? सासू असी पाहून राहिली माह्याकडं, म्हणे, बाई, आपण आता व्यापारी झालो, आपल्या घरी माग नाई, अन् चारचौघात असं विचारू बी नोको. नवीन नवरी माहेरसाठी रडते ना, मी मागासाठी रडली. खोटं काहून सांगू.

नवरा वाईट नव्हता. जेवढा मिळाला तेवढा चांगला मिळाला, पण लवकर गेला, तापानं गेला. पोरगा नारायण तवा माह्या कडेवर होता. चुलत दीर लागले दुकानात येऊन बसाले, म्हणे वहिनी, तुम्ही घर पाहा, दुकान आम्ही पाहतो. मले समजलं का यानं दुकान बी जाईन अन् घर बी जाईन. दुसऱ्या दिवशी सकाळीच आंघोळ केली, पोराले घेतलं अन् गादीवर जाऊन बसली. ते आले, पाह्यलं, उभे राह्यले, अन् गेले. तेव्हापासून ती गादी माही. पोरगं मांडीवर घेऊन मी गिऱ्हाईक पाह्यलं. छोट्या लाईनीच्या गाडीनं नागपूरले जाऊन सूत आणलं. लढाईच्या जमान्यात कंट्रोल आला, सुताले परमिट लागे, साहेबाच्या दफ्तराबाहेर दिवस दिवस बसून राहो, पण खाली हात कधी परत नाई आली.

अन् एक गोठ लिहा. आमच्या लोकाईत रांडावलेल्या बाईचं पहिले एवढं नव्हतं. माह्या आत्याचा नवरा गेला तं तिनं पाट लावला, दुसरं घर केलं, कोणी हूं का चूं केलं नाई. पण दुकान आलं का मोठ्या लोकाईच्या रीती बी घरात येतेत, फुकट येतेत. मले बिनकाठाचं पांढरं लुगडं आलं. कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. हळदीच्या मांडवात जाणं नाई, ओटी भरणं नाई, नवरीपुढं उभं राहणं नाई. बरं, नाई तं नाई. पण दुकानात काय चाले ते ऐका. लगनाचा बस्ता घ्याले सारे माह्याकडंच येत. बोरगावचे येत, रामाकोन्याचे येत, थेट पांढुर्ण्याहून येत. नवरीचं लुगडं मी काढो, मी घडी मोडो, माह्या हातानं पोरीच्या खांद्यावर टाकून दाखवो का पाहा कसं दिसते. पोरी लाजत, त्याईच्या माया खुश होत. तेव्हा कोणी म्हटलं नाई का हात मागं घ्या बाई, तुम्ही विधवा हा. आख्ख्या सौंसरच्या पोरी माह्या हातचं घेऊन सासरी गेल्या.

दुकान चाललं म्हणजे मी चालवलं. माह्याकडं विणकर सूत घेऊन जात अन् लुगडं आणून देत. करवत सोडा, साधा काठ घाला, असं त्याईले म्याच सांगितलं. करवतकाठी एक व्हाले जेवढा वेळ लागे तेवढ्यात साधे चार होत, अन् गिऱ्हाईक बी साधंच मागे. चिंधूजी म्हणून एक म्हातारा विणकर होता, तो म्हणे, मालकीणबाई, तुम्ही स्वतः करवतीच्या अन् असं बोलता? म्या म्हटलं हाओ, बोलते. पोट होतं, पोरगं होतं, त्याईच्या घरी बी पोरं होती. त्याचं मले काई वाटत नाई.

स्वराज्य आलं तेव्हा दुकानातलं केशरी अन् हिरवं कापड पाहता पाहता संपलं, सारे झेंडे शिवून राहिले होते. म्या बी एक दुकानावर लावला. वाटलं, आता चांगलं होईन. मंग काई सालानं प्रांत तोडले. नागपूर गेलं मुंबईत, अन् आम्ही राह्यलो भोपाळच्या राज्यात. बोलणं आमचं नागपूरचं, सोयरे तिकडचे, सूत तिकडचं, अन् मधात नाका. मंग तिकडं महाराष्ट्र झाला, म्हणे मराठी लोकाईचं राज्य, अन् आम्ही कोण होतो बापा? पहिले नागपूरच्या दफ्तरात गेली तं मराठीत भांडून येत होती. आता सुताचं परमिट जबलपूरकडून, कागद हिंदीत, साहेब हिंदीत. नारायणाले हिंदी येते, तो शाळेत शिकला, मले कोणाशी भांडाचं ते बी समजेना. एक दिवस नारायण म्हणे, आई, तुनं लय केलं, आता तू आराम कर. म्या वरवर हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गेली तं गादी उचललेली, तिच्या जागी टेबल अन् खुर्ची. खुर्चीवर नारायण. म्हणे, बस ना आई, अन् एक स्टूल सरकवला.

स्टुलावर मी नाई बसली. आराम कर म्हणजे ऊठ म्हणणं झालं, हे मले समजते, मी व्यापारी बाई हाय. पोटचा पोरगा, त्याले मांडीवर घेऊन मी त्या गादीवर बसली होती, अन् त्यानंच उठवलं. घरी आली अन् भिताडाकडं तोंड करून पडली. सून शांता, पांढुर्ण्याची हाय, मोठ्या व्यापाऱ्याची पोरगी, ती म्हणे, आत्याबाई, पोथी ऐकाले जात जा, देवळात बायका बसतेत. म्या म्हटलं, देवाले मी काय सांगू, त्याले बी हिंदीच येत असन.

मंग एक दिवस मनात काय आलं तं मी चिंधूजीकडं गेली, अन् म्हटलं, मले माग लावून द्या. तो हासला. म्हणे, मालकीणबाई, आता खड्ड्यात पाय सोडाचे का मसणाच्या लाकडात जाचे दिवस? म्या म्हटलं, लाकडं काई पळून नाई चालले, तुम्ही माग लावा. घराच्या मागच्या खोलीत पहिले आमचे सुताचे गठ्ठे राहत, ती आता खालीच होती. तिथं त्यानं खड्डा खणला अन् त्याच्या घरी पडून असलेला जुना माग आणून बसवला. नारायण दुकानातून आला अन् पाहतच राह्यला. म्हणे, आई, हे काय? लोकं काय म्हणतीन, पोरगा मायले पोसत नाई, म्हातारी मागावर बसली पोटासाठी. म्या म्हटलं, लोकाईले सांग का पोटासाठी नाई बसली. तो म्हणे, मंग कायसाठी बसली? आता याचं काय उत्तर देता तुम्ही, गुरुजी? तुम्ही शिकलेले हा. म्या खड्ड्यात पाय सोडून पाह्यले. शेवटी नारायणच म्हणे, बरं, कर, पण दार लावून कर, आवाज रस्त्यावर नाई गेला पाहिजे.

म्हणून दार लावून बसली. अन् बसली तं काय, हात हातात नाई. सूत तुटे, पावडी चुके, गुडघे खड्ड्यातून निघाले नाई पाहत. बापाच्या घरी बसल्या बसल्या जे होत होतं ते आता होईना. जोडीले कोणी नाई. विणकराईच्या बायका म्हणत, मालकिणीच्या जोडीले आम्ही कस्या बसू. म्हणजे सावकारीण म्हणून त्या येत नाई अन् कोष्टीण म्हणून घरचे लाजते, मी ना इकडची ना तिकडची. तिन्ही धोटे एकटीच फेकत राह्यली, उजवा टाकाचा, हात बदलाचा, मधला टाकाचा, मंग डावा. विणलं, उसवलं, विणलं, उसवलं. मले लय राग ये, स्वतःचाच ये. साऱ्या जिंदगीत दुसऱ्याईच्या लुगड्याले नावं ठेवली, हे विरळ झालं, हे वाकडं झालं, अन् आता माहंच वाकडं. पण एक दिवस दात बसला. मंग दुसरा बसला. बोटभर काठ सरळ आला, टोकदार, जसा बापाच्या हातचा ये. तेव्हा मी रडली, गुरुजी. नवरा मेला तेव्हा रडाले फुरसत नव्हती, तेव्हाचं बी त्यातच रडून घेतलं.

त्याच सुमाराले कुसुमचं जमलं. कुसुम म्हणजे नारायणाची पोरगी, माही नात, लाडाची. पांढुर्ण्याचं स्थळ, शांताच्या भावानं आणलेलं, पोरगा सरकारी नोकरीवर. म्या मनात ठरवलं का हिच्या हळदीचं लुगडं मी विणीन. लपून नाई केलं बरं, साऱ्याईले सांगितलं. नारायण सूत देऊन गेला. शांता म्हणे, करा, तुमचा वेळ जाईन. कुसुम तं रोज ये, उंबरठ्यावर बसे, पिवळा रंग तिनंच निवडला, लाल काठावर हात फिरवे अन् म्हणे, आजी, असं आख्ख्या पांढुर्ण्यात कोणाजवळ नसन, मी हेच नेसीन. म्या म्हटलं, नेस माय, त्यासाठीच विणून राहिली. आमच्यात नवरीच्या लुगड्याचा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढवला का पहिला धोटा सवाष्णीनं टाका लागते, मागाले हळदकुंकू वाहा लागते. म्या कोणाले बलावलं नाई. कोण येईन बंद दाराआड? अन् खरं सांगू, मले वाटलं, आजीचा हात हाय, आजीच्या हाताले काय होते. तिथंच चुकलं माहं, असं शांता म्हणते. मी नाई म्हणत.

लुगडं झालं. मागावरून उतरवलं, घडी केली, अन् बस्त्याच्या दिवशी घेऊन बाहेरच्या खोलीत आली. नारायण होता, शांता होती, कुसुम होती. शांतानं घडी मोडली, पाह्यलं, अन् पाहतच राह्यली, तिची नजर व्यापाऱ्याची हाय, तिले कळते. म्हणे, आत्याबाई, लय सुंदर झालं. घडी पुन्हा घातली. मंग म्हणे, पण तुम्ही समजदार हा. म्या म्हटलं, काय समजू? म्हणे, हळदीचं लुगडं हाय, पांढुर्ण्याचे लोकं विचारतीन कोणी विणलं, आता तुमचा हात… पोरीचा संसार सुरू व्हाचा हाय, वहीम नोको. म्या म्हटलं, सौंसरच्या पोरी माह्या हातचं नेसून गेल्या, त्याईचे संसार बुडाले का? ती म्हणे, ते विकणं होतं, हे विणणं हाय, अन् विकलं ते पैसे घेऊन विकलं. ऐकलं का गुरुजी, पैसे घेतले का दोष जाते, प्रेमानं देल्लं का लागते. म्या नारायणाकडं पाह्यलं. तो खांबाकडं पाहून राहिला होता, जसं काई खांब आजच कोणी आणून लावला. मंग कुसुमकडं पाह्यलं. म्हटलं, तू सांग बाई, तुले नेसाचं हाय. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राह्यली, अन् म्हणे, आई म्हणते तसं.

झालं. नागपूरहून दुसरं आणलं, गिरणीचं. हळदीच्या दिवशी मी मागच्या खोलीत होती, दार माहं मीच लावलं. वाजंत्री ऐकली, गाणे ऐकले. पोरगी सासरी जातानी पाया पडाले आली, म्या तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात चालला त्याईले.

पाव्हणे गेले, मांडव उतरला, अन् मंग नारायण आला माह्या खोलीत. बाजूले बसला, लय दिवसानं बसला, गोड बोलला. म्हणे, आई, ते लुगडं पडून राह्यलं, माल चांगला हाय, दुकानात ठेवू का? रामाकोन्याची पार्टी येऊन राहिली बस्त्याले, ते पाहताच उचलतीन, असं करवतकाठी आता मिळते कुठं? म्या विचारलं, त्याईले सांगशील कोणी विणलं ते? म्हणे, ते कायले सांगाचं? म्या म्हटलं, असं! तुह्या पोरीले अशुभ अन् लोकाच्या पोरीले चालते? तो म्हणे, आई, तू उगीच वाकडं घेते, धंद्यात असं पाहत नाई, तुनंच शिकवलं. हे बी खरंच बोलला. म्याच शिकवलं.

तो गेला. मी उठली, पेटीतून लुगडं काढलं, अंगावरचं पांढरं सोडून बाजूले टाकलं, अन् ते नेसली. पिवळं अंग अन् लाल काठ. हे पाहा, हेच ते, तुम्ही आल्यापासून पाहून राहिले अन् विचाराले लाजून राहिले, पाहा आता नीट. नेसली अन् दार उघडून ओट्यावर जाऊन बसली, बाजाराचा दिवस होता. जाणारा येणारा थांबे. चिंधूजी चालला होता, त्यानं पाह्यलं, जवळ आला, लोकाईदेखत वाकून काठ बोटात धरला, अन् म्हणे, एकटीनं? म्या म्हटलं, एकटीनं. तो काठ सोडून चालला गेला. बाकीच्याईनं काय पाह्यलं ते तुम्हाले माहीत असन, गावात तुम्ही बी राहता.

तेव्हापासून नारायण बोलत नाई. शांता ताट मागच्या खोलीत आणून ठेवते अन् जाते, उपाशी नाई ठेवत, उगीच नाव काहून घेऊ. संक्रांतीले शेजारी कोणी बलावलं नाई, पहिले निदान तीळगूळ देत. देवळातल्या बायका म्हणतेत, म्हातारपणी डोकं फिरलं. मले नेसून काई लय सुख झालं असं बी नाई. हे अंगावर टोचते. जिच्यासाठी विणलं तिच्या मापानं विणलं होतं, ती उंच हाय, मी बुटकी, काठ जमिनीले लागते.

दिवाळीले कुसुम माहेरी आली. सारे जेवून आडवे झाले तं माह्या खोलीत आली, उंबरठ्यावर बसली, माह्या पदराचा काठ धरला अन् रडाले लागली. म्हणे, आजी, मले दे हे, मी नेसते, कोणी काई म्हणो. गुरुजी, एवढे दिवस मी हेच ऐकाची वाट पाहून राहिली होती. अन् तोंडातून काय निघालं माहीत हाय? म्या म्हटलं, आता नाई बाई. तेव्हा नुसतं विधवेच्या हातचं होतं, आता विधवेच्या अंगचं झालं, आता तं तुले बिलकुलच चालाचं नाई. ती उठली अन् गेली. सकाळच्या गाडीनं सासरी बी गेली. मी हाक नाई मारली. मारता आली असती.

आता दुसरा ताणा चढवला हाय, आवाज ऐकला ना तुम्ही येतानी, आता मी दार लावत नाई. कोणासाठी विणते ते विचारू नोका. हात चालतेत तवरक विणीन, दात सरळ पडून राहिले, एवढंच. लिहून झालं असन तं जा आता, ऊन उतरलं. सुखी राहा, लेकराबाळाईले सुखी ठेवा. अन् तुमच्या घरी लगन निघालं तं माह्याकडं येऊ नोका बापा, समोर नारायणाच्या दुकानात जा. तिथं सारं शुभच असते.